पैनगंगेची सरहद्द आणि हिंगोली (इ. स. १९१८ ते १९३९)

जुन्या दप्तरांचा शोध करणाऱ्या मंडळींत एक समजूत खोल रुजलेली आहे. हातीं आलेला कागद पेशवाईच्या किंवा फार तर सत्तावन सालच्या अलीकडचा निघाला, कीं तो इतिहासाचा नव्हे, घरगुती रद्दीचा, असें ठरवून तो बाजूस सारण्यांत येतो. हिंगोली प्रांतासंबंधानें ह्या समजुतीनें विशेष हानि केलेली आहे. ह्या प्रांताविषयीं लिहितांना नरसीचे नामदेव, औंढ्याचें नागनाथाचें देवालय, ठगांचा बंदोबस्त आणि निजामाकडील कंटिंजंट फौज येथपर्यंत लेखणी आनंदानें चालते व तेथेंच थांबते. त्यापुढील काळ, विशेषतः पहिलें महायुद्ध संपल्यापासून दुसरें सुरू होईपर्यंतचीं वीस-एकवीस वर्षें, जणूं काय घडलींच नाहींत. वस्तुतः आजच्या हिंगोलीची घडण बव्हंशीं ह्याच वर्षांत झाली. तिला एखादी लढाई, एखादा तह किंवा एखादा पुरुष कारण झाला नाहीं; आगगाडीचे रूळ, करोडगिरीचा नाका, शाळेंतील भाषा आणि सरहद्दीपलीकडे भरणाऱ्या सभा ह्यांच्या योगानें ती हळूहळू, बहुधा पाहणाऱ्याच्या ध्यानांत न येतां, होत गेली. ह्या लेखांत तिचा विचार करावयाचा आहे.

प्रथम क्षेत्राची मर्यादा सांगितली पाहिजे. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं अस्तित्वांत आला. विचाराधीन काळांत हिंगोली, कळमनुरी व वसमत हे निजामाच्या राज्यांतील परभणी जिल्ह्याचे तालुके होते. सेनगांव व औंढा हे तालुके मागाहूनचे. सबब ह्या लेखांत "हिंगोली प्रांत" असें म्हटलें असतां हे तीन जुने तालुके समजावे. ह्या प्रांताच्या उत्तरेस पैनगंगा व तिच्या पलीकडे वऱ्हाडचे वाशीम, पुसद, उमरखेड हे भाग. दक्षिणेस वसमतेवरून पूर्णा जंक्शनाकडे जाणारी वाट. एक तोंड वऱ्हाडाकडे व दुसरें हैदराबादेकडे अशी ह्या प्रांताची ठेवण आहे. हिंगोलीचें ह्या काळांतील परिवर्तन म्हणजे ह्या दोन तोंडांमधील ओढाताणीचा परिणाम होय, असें आमचें प्रतिपादन आहे.

पैनगंगा ही राजकीय सरहद्द केव्हां व कां झाली, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्यांतील हिंगोलीचा संबंध सहसा लक्षांत घेतला जात नाहीं. हिंगोली हें कंटिंजंट फौजेच्या मुख्य छावण्यांपैकीं एक ठिकाण. ह्या फौजेच्या खर्चाची बाकी निजाम सरकाराकडे तुंबली आणि ती भागविण्यासाठीं २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख कंपनीकडे लावून द्यावे लागले. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर परत मिळाले; वऱ्हाड मिळालें नाहीं. तेव्हां कार्यकारणाची सांखळी अशी लागते: हिंगोलीसारख्या ठिकाणीं छावण्या होत्या म्हणून वऱ्हाड गेलें, आणि वऱ्हाड गेलें म्हणून हिंगोलीच्या दारांत सरहद्द आली. पुढें १९०२ सालीं लॉर्ड कर्झन व मीर महबूब अली खान ह्यांच्यामध्यें करार होऊन वऱ्हाड सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिलें. १९०३ सालीं कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यांत सामील करण्यांत आल्या. ज्या फौजेच्या खर्चापायीं सरहद्द उत्पन्न झाली ती फौज हिंगोलीहून गेली. सरहद्द मात्र राहिली, ती १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा व विदर्भ हे दोन्ही मुंबई राज्यांत येईपर्यंत. म्हणजे एकंदर १०३ वर्षें.

फौज गेली तरी तिचा ठसा गांवावर राहिला. हिंगोली शहरांत तोफखाना, पलटन, रिसाला बाजार, पेन्शनपुरा हीं वस्त्यांचीं नांवें आजही चालू आहेत. पेन्शनपुरा हें नांव आम्हांस विशेष बोलकें वाटतें. छावणी उठल्यावर तिजवर अवलंबून असलेली वस्ती एकदम उठून जात नाहीं. पेन्शनीवर राहिलेले शिपाई, त्यांस उधार देणारे वाणी, दाणावैरण पुरविणारे कंत्राटदार हे मागें राहतात आणि दुसरा धंदा शोधतात. इकडे १९१६ च्या जुलैंत फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर हाय वूड येथें जो विसावा डेक्कन हॉर्स रिसाला झुंजला, तो ह्याच जुन्या फौजेच्या वंशांतला. परंतु तोंवर हिंगोलीस त्या रिसाल्याची केवळ आठवण उरली होती व गांव कापसाच्या नादीं लागलें होतें.

कापसाकडे हें वळण लागण्यास मुख्य कारण आगगाडी. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटर गेज वाट १९०० च्या सुमारास पुरी झाली होती. तिजवरील पूर्णा ह्या ठिकाणाहून वसमतेवरून हिंगोलीपर्यंत सुमारें ५० मैलांचा फांटा १९१२ सालीं सुरू झाला. हा फांटा हिंगोलीस येऊन संपत असे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनांत ध्यानीं धरावयाची आहे. वाशीम तेथून पांच-सहा मजला दूर नव्हे, एका लांब मजलेवर; परंतु हिंगोलीच्या उत्तरेस रूळ नव्हता. माल वाघिणींतून दक्षिणेस पूर्णेस जावा, तेथून मनमाडकडे वळून मुंबईस जावा. उत्तरेस जावयाचें तर बैलगाडी. हैदराबाद व अकोला ह्यांस जोडणारी ही शेवटची साखळी जोडली गेली ती निजामाचें राज्य बुडाल्यावर. मधल्या काळांत रेल्वे कंपनीचे भाग जाऊन १ एप्रिल १९३० रोजीं ती निजाम सरकारनें स्वतःच्या मालकीची केली, आणि १९३२ पासून त्याच खात्यानें २७ मोटारगाड्यांनिशीं राज्यांत प्रवासी वाहतूक आरंभिली.

रूळ संपतो तेथें बाजार बसतो, हा नियम हिंगोलीस पूर्णपणें लागू पडला. कळमनुरी व सेनगांवाकडील काळ्या जमिनींतला कापूस गाड्यांवर लादून हिंगोलीस यावा, तेथें सरकी निघावी, गांठी बांधल्या जाव्या व वाघिणींत भराव्या, हा क्रम पडला. येथील कारखानदारी म्हणजे प्रथमतः जिनिंग-प्रेसिंग. सुताची गिरणी नव्हे. कापसाचें सूत व कापड करणारी उस्मानशाही मिल युद्धानंतरच्या दशकांत नांदेडास उभी राहिली, हिंगोलीस नाहीं. त्यामुळें हिंगोलीचा मजूर वर्षांतून चार-पांच महिने कारखान्याचा व उरलेले महिने शेताचा असा अर्धा-अर्धा राहिला. कारखान्याचा भोंगा ऐकून उठणारी परंतु मृगाकडे डोळे लावणारी ही वस्ती औद्योगिक म्हणावी कीं शेतकी, असा प्रश्न पडतो. आम्ही तिला दोन्ही म्हणूं. जो बदल संपूर्ण झाला नाहीं तो झालाच नाहीं असें म्हणणें चुकीचें होय.

कापसाच्या जातीविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ह्या भागाचा गावरानी कापूस तलम धाग्याविषयीं नांवाजलेला. परंतु उतारा अधिक देणारे जाडे वाण शेतकऱ्यास पसंत पडूं लागले व मिश्रण होऊं लागलें. परभणीस १९१८ सालीं शेतकी प्रयोगक्षेत्र स्थापन झालें. गावरानीचें शुद्ध बीज निवडून वाढविण्याचें काम पुढें ह्याच भागांत झालें व "गावरानी ६" सारखे वाण त्यांतून निघाले. मराठवाड्याच्या कृषिविद्यापीठाचें मूळ ह्या प्रयोगक्षेत्रांत आहे. लढायांच्या तारखा पाठ असणाऱ्या आमच्या वाचकांनीं हीही एक तारीख लक्षांत ठेवावी.

आतां नाक्याचा विचार. १८०२ च्या व्यापारी तहानें निजाम सरकारास सरहद्दीवर मालाच्या किंमतीवर शेंकडा ५ जकात घेण्याचा अधिकार होता, आणि ही जकात येणाऱ्या मालावर तशीच जाणाऱ्या मालावरही बसे. ती वसूल करणारें खातें तें करोडगिरी. वाशीमच्या वाटेवर पैनगंगेजवळ कनेरगांव नाका म्हणून गांव आहे. त्या नांवाचा उगम ह्याच सरहद्दींत असावा असें आमचें मत आहे. वऱ्हाडांत मुलगी दिलेल्या घरीं लुगडें न्यावयाचें, पलीकडच्या आठवडे-बाजारांतून भांडें आणावयाचें, तर मध्यें करोडगिरीचा शिपाई. नात्यागोत्यानें, भाषेनें, पिकानें व देवदेवस्कीनें जो मुलूख एक, त्यांत शेंकडा पांचांची ही भिंत उभी होती. नाका आला म्हणजे चोरवाटही येते, हें सांगावयास नकोच.

भिंतीवर भिंत म्हणजे चलनाची. निजामाचा हाली सिक्का निराळा व इंग्रजी कलदार निराळा. साधारण भाव १०० कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा असे. परंतु बाजारांत तो खालींवर होई. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पैसा यावयाचा कलदार, शेतकऱ्यास द्यावयाचा हाली, सरकारसारा भरावयाचा हाली, आणि वाशीमच्या दुकानीं खर्चावयाचा पुन्हां कलदार. ह्या प्रत्येक पालटाचा बट्टा कोणाच्या गांठीं जाई हें सावकारी वह्यांवरून दिसावयाचें. महायुद्धांत चांदीची टंचाई पडली तेव्हां १९१८ सालीं हैदराबादनें स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. म्हणजे कागदी पैशाची संवय ह्या राज्यास महायुद्धानें लावली. टपालाचीही तीच कथा. निजामाचें टपाल राज्यापुरतें, बाहेरच्या पत्रास इंग्रजी तिकीट. जुन्या पाकिटांचा संग्रह करणाऱ्यांनीं तिकीट कोणत्या सरकारचें आहे एवढें पाहिलें तरी त्या घराचा व्यवहार कोणत्या दिशेस होता हें कळूं शकेल.

युद्धाच्या अखेरीस कापसाचे भाव चढले, परंतु १९१८ हें सालच विलक्षण. पाऊस चुकला आणि इन्फ्लुएंझाची सांथ आली. हैदराबाद राज्याची लोकसंख्या १९११ सालीं १ कोटी ३३ लक्षांवर होती, ती १९२१ सालीं १ कोटी २४ लक्षांवर आली. एका दशकांत नऊ लक्ष माणसें कमी भरलीं. ह्या घटीचें स्मारक कोठें नाहीं. गांवकीच्या कागदांत अमक्याचें वतन अज्ञान वारसाकडे, तमक्याची जमीन सावकाराकडे, अशा नोंदींच्या रूपानें तें सांपडावयाचें. त्यानंतर कांहीं वर्षें बरीं गेलीं व १९२९ नंतर जगभर जी मंदी आली तींत कापसाचा भाव दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर उतरला. सारा मात्र रोख द्यावयाचा. ज्यानें चढ्या भावांत कर्ज काढलें त्यास तेंच कर्ज दुप्पट कापूस घालून फेडावें लागलें. हैदराबादेंत सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९१४ चा. १९२९-३० सालीं केशव अय्यंगार ह्यांनीं राज्यांतील खेड्यांची आर्थिक पाहणी केली. सरकारास दुखणें समजत नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. औषध मात्र सावकाराच्या वहीपर्यंत क्वचित् पोंचलें.

बाजाराच्या रीतीविषयीं एक मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या अडतीच्या बाजारांत खरेदीदार व दलाल रुमालाखालीं हात घालून बोटांनीं भाव ठरवीत. माल ज्याचा त्यास भाव शेवटीं कळे. मग पट्टींतून अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशा रकमा वजा होत. ह्यावर पहिला मोठा उपाय वऱ्हाडांत झाला. कापूस व धान्य ह्यांच्या बाजारांसंबंधानें वऱ्हाडचा कायदा १८९७ चा, हिंदुस्थानांत आपल्या प्रकारचा पहिला. हैदराबाद राज्याचा शेतकी बाजारांचा कायदा १३३९ फसलीचा, म्हणजे १९३० चा. पैनगंगेच्या एका तीरावर जें झालें तें दुसऱ्या तीरावर येण्यास ३३ वर्षें लागलीं. एकच कापूस, एकच वजन, बहुधा एकाच कुळांतले शेतकरी; परंतु उत्तर तीरावरच्यास पट्टींतली वजावट कायद्यानें विचारतां येई व दक्षिण तीरावरच्यास येत नसे. लोकांच्या मनांत सरकाराविषयींची तुलना प्रथम उत्पन्न झाली ती व्याख्यानांनीं नव्हे, अशा पट्ट्यांनीं, असें आमचें अनुमान आहे.

हीच तुलना शिक्षणांत अधिक तीव्र झाली. निजामाच्या राज्यांत १८८० नंतर कचेऱ्यांतून फारसी जाऊन उर्दू आली. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें व उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू ठरलें. ह्या विद्यापीठाविषयीं महाराष्ट्रांत पुष्कळदां एकांगी लिहिलें जातें. हिंदुस्थानांत विद्यापीठाचे सर्व विषय एका देशी भाषेंतून शिकवावे, त्यासाठीं भाषांतरखातें काढून वैद्यकापासून गणितापर्यंतचे ग्रंथ त्या भाषेंत आणावे, ही कल्पना लहान नव्हती, आणि ती प्रत्यक्षांत आणणारांत हैदराबादनें अग्रमान मिळविला हें निष्पक्षपातानें मान्य केलें पाहिजे. दोष दुसरीकडे होता. १९३१ च्या सुमारास राज्यांत तेलुगु बोलणारे शेंकडा ४८ च्या आसपास, मराठी बोलणारे २६, कानडी ११. उर्दू ही थोडक्यांची मातृभाषा. परकी भाषा काढून देशी भाषा आणली असें हैदराबादेंत म्हणतां येई. वसमतेच्या मुलास मात्र इंग्रजीऐवजीं दुसरी एक अपरिचित भाषा मिळाली एवढाच फरक.

शाळांची उतरंड तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशी. पहिलींत मातृभाषा चाले. वरच्या पायरीस चढलें कीं भूगोल, इतिहास, गणित सर्व उर्दूंतून. मराठी शिकलेला मुलगा तेथें अडखळे व बहुधा तेथेंच थांबे. १९३१ च्या खानेसुमारींत साऱ्या राज्यांत साक्षरांचें प्रमाण शेंकडा ५ च्या आसपास निघालें, ह्यास हें एकच कारण नव्हे. परंतु हें एक कारण होतें ह्यांत शंका नाहीं. ह्यावर लोकांनीं स्वतःच्या शाळा काढण्याचा उपाय योजिला. औरंगाबादेस सरस्वती भुवन १९१५ सालीं, अंबेजोगाईस योगेश्वरी १९१७ सालीं, हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा १९२१ सालीं निघाली. खासगी शाळेस सरकारी परवानगीचा निर्बंध पुढें आला तरी ह्या संस्था टिकल्या. पण ह्यांतील एकही हिंगोली प्रांतांत नव्हती. येथील होतकरू मुलास वाटा दोनच: गाडींत बसून दक्षिणेस जावें किंवा नदी ओलांडून उत्तरेस जावें.

ह्या दोन वाटांचीं दोन ठळक उदाहरणें ह्याच प्रांतांत सांपडतात, हा योगायोग खरा. जुन्या वसमत तालुक्यांतील पुरजळ येथें १८६७ सालीं जन्मलेले केशवराव कोरटकर हे दक्षिणेच्या वाटेनें गेले. वकिली करून ते हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. तेथील आर्यसमाजाचें नेतृत्व त्यांनीं केलें. विवेकवर्धिनी पाठशाळेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९३२ सालीं त्यांचें निधन झालें. राज्याच्या चौकटींत राहून, तिची भाषा व तिचा कायदा आत्मसात करून, त्यांच्याच बळावर मराठी व हिंदु समाजासाठीं जागा मिळवावयाची, ही त्या पिढीची पद्धति. दुसरें उदाहरण कडोळी ह्या गांवचें. तेथें ११ ऑक्टोबर १९१६ रोजीं चंडिकादास अमृतराव देशमुख जन्मले. पुढें ते नानाजी देशमुख म्हणून देशभर ओळखले गेले. घरची गरिबी, शिक्षणासाठीं त्यांस सरहद्दीपलीकडे वऱ्हाडांत व तेथून दूर राजपुतान्यांत सीकर येथें हायस्कुलास जावें लागलें, आणि कॉलेज त्यांनीं पिलानीस केलें. दोघांचीं मतें, कार्यें, काळ भिन्न. त्यांची तुलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. पहिल्या पिढीचा बुद्धिमान् मुलगा राज्याच्या राजधानीकडे जात असे व दुसऱ्या पिढीचा राज्याबाहेर जाऊं लागला, एवढेंच ह्यावरून दाखवावयाचें आहे.

राजकारणांत हीच दिशा दिसते. १९१९ सालीं निजामानें कार्यकारी मंडळ नेमून सर अली इमाम ह्यांस त्याचे अध्यक्ष केलें. परंतु लोकनियुक्त सभेचा पत्ता नव्हता. सभा भरवावयाची तर पूर्वपरवानगी पाहिजे. "गश्ती नंबर ५३" ह्या हुकुमाचें नांव त्या काळच्या मराठवाड्यांत लहानथोरांच्या तोंडीं होतें. बाहेरील वर्तमानपत्रांसही वेळोवेळीं मज्जाव होई. राज्यांतल्या राज्यांत मराठी पत्र म्हणजे १९२० सालीं लक्ष्मणराव फाटक ह्यांनीं हैदराबादेस काढलेला "निजाम विजय". अशा स्थितींत हैदराबाद संस्थानच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भराव्या लागल्या. पहिली काकिनाड्यास १९२३ सालीं, दुसरी मुंबईस १९२६ सालीं, तिसरी पुण्यास १९२८ सालीं न. चिं. केळकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं, आणि चौथी अकोल्यास १९३१ सालीं. मुंबईच्या परिषदेचे अध्यक्ष या. मा. काळे, वऱ्हाडचा इतिहास लिहिणारे ते हेच, हें आमच्या वाचकांस सांगितल्यास अप्रस्तुत होणार नाहीं. काकिनाडा हिंगोलीकरास परदेशच. पुणें-मुंबई लांब व खर्चाचीं. अकोला मात्र वाशीमवरून गाडीवाटेनें गांठण्यासारखें. आपल्या सरकाराविषयीं मोकळ्या सभेंत बोललेलें ऐकावयाचें तर आपल्या सरकाराची हद्द सोडावी लागते, ही गोष्ट एकदां अनुभवली म्हणजे सरहद्दीचा अर्थ पालटतो. आजवर जो नाका जकातीचा होता तो आतां बोलण्याचाही झाला.

वऱ्हाडच्या प्रश्नावर ह्याच काळांत वर मोठा पत्रव्यवहार चालू होता. वऱ्हाड परत मिळावें म्हणून मीर उस्मान अली खान ह्यांनीं १९२३ सालीं मागणी केली. मार्च १९२६ मध्यें लॉर्ड रीडिंगनें ती फेटाळतांना सार्वभौम सत्तेपुढें संस्थानिकाचें स्थान काय हें कडक शब्दांत सांगितलें. १९३६ च्या करारानें निजामाचें नांवाचें स्वामित्व मान्य होऊन युवराजास "प्रिन्स ऑफ बेरार" हा किताब मिळाला. हैदराबादेस व दिल्लीस हा प्रश्न सनदांचा व मानाचा. पैनगंगेकांठच्या माणसास त्यांतून एक नाकाही कमी झाला नाहीं.

सभाबंदीची पकड मात्र सैल होऊं लागली होती. वाङ्मयाच्या निमित्तानें जमण्यास सरकारची हरकत कमी असे. १९३१ सालीं श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं मराठी साहित्यसंमेलन खुद्द हैदराबादेस भरलें. तेलंगणांत आंध्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३० सालीं जोगीपेठेस झालें. त्याच धर्तीवर महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं गोविंदराव नानल ह्यांच्या अध्यक्षतेखालीं परतूर येथें भरलें. परतूर त्या वेळीं परभणी जिल्ह्यांत, आणि मनमाड-पूर्णा रुळावर. हिंगोलीहून गाडींत बसून पूर्णेस बदलून जाण्यासारखें हें ठिकाण. जी वाट पंचवीस वर्षें कापसाच्या गांठी नेत होती ती आतां परिषदेचीं माणसें नेऊं लागली. काकिनाड्यापासून परतुरापर्यंत, म्हणजे परमुलखापासून स्वतःच्या जिल्ह्यापर्यंत, येण्यास चळवळीस चौदा वर्षें लागलीं. आमच्या मतें ह्या काळाचें मोजमाप करावयाचें तर तें ह्या अंतरानें करावें.

दुसरें अधिवेशन १९३८ सालीं लातुरास झालें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिजवर बंदी आली. ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला व डिसेंबरांत तहकूब झाला. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचा पूर्ववृत्तांत येथें स्मरणीय आहे. ते हिप्परग्याच्या व पुढें अंबेजोगाईच्या शाळेंतून राजकारणांत आले. म्हणजे ज्या खासगी शाळांचा वर उल्लेख केला त्यांनींच चळवळीस पुढारी दिला. नोव्हेंबर १९३८ मध्यें "वंदे मातरम्" म्हणण्यावरून औरंगाबादचें कॉलेज व उस्मानिया विद्यापीठ ह्यांतून विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें, आणि त्यांपैकीं अनेकांस नागपूर विद्यापीठानें जवळ केलें. आर्यसमाजाचा सत्याग्रह १९३९ च्या ऑगस्टपर्यंत चालला. जुलै १९३९ मध्यें अरवमुद अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून राज्यकारभाराच्या सुधारणा जाहीर झाल्या. सप्टेंबरांत दुसरें महायुद्ध पेटलें व त्या बासनांत गेल्या. पुढें १९४७-४८ सालीं उमरखेडसारख्या वऱ्हाडी गांवांत जे कँप उभे राहिले ते कांहीं अकस्मात् नव्हेत. नदी ओलांडण्याची संवय शाळेनें, बाजारानें व परिषदांनीं आधींच लावलेली होती.

ह्या सर्वांचा कच्चा पुरावा कोणत्या स्वरूपांत मिळावयाचा, हें संग्राहकांसाठीं थोडक्यांत लिहितों. पटवारी-पाटलांचे मराठी कागद बहुधा मोडींत, त्यांवर तहसिलीचे शेरे उर्दूंत. एकच वाचक दोन्ही लिपी जाणणारा दुर्मिळ झाल्यामुळें पुष्कळ कागद अर्धेच वाचले जातात. अडत दुकानांच्या वह्या व पट्ट्या, जिनाच्या हजेरीवह्या, शाळांचीं दाखलखारीज पुस्तकें, रेल्वेच्या पावत्या, हे सर्व आज किराण्याच्या पुड्यांच्या वाटेवर आहेत. ह्या पट्ट्यांवर रकमेपुढें "हाली" कीं "क." लिहिलें आहे हें पाहिल्याशिवाय बेरीज करूं नये, शेंकडा सोळा-सतरांची चूक होते.

तारखांविषयीं अधिक सावधगिरी पाहिजे. ह्या काळांतील हैदराबादी फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होतें. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहेर, आबान असा क्रम. ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंतच्या तारखेस फसलींत ५९० मिळवावे व पुढील महिन्यांस ५९१. कित्येकजण सरसकट ५९० मिळवितात आणि तीन चतुर्थांश वर्ष मागें पडतें. स्टेट काँग्रेसवरील बंदीचा हुकूम सप्टेंबर १९३८ चा, म्हणून १३४७ फसलीच्या आबानांत पडतो. सत्याग्रह ऑक्टोबर १९३८ चा, म्हणून १३४८ च्या आजुरांत. फसली सालें पाहणारास ह्या दोन गोष्टींत एका वर्षाचें अंतर दिसतें. प्रत्यक्षांत तें सात आठवड्यांहून अधिक नव्हतें.